हात ठेवला की

लॅपटॉपची बॅटरी संपत आली म्हणून त्याने चार्जर लावला आणि दोन्ही स्पीकर कण्हायला लागले. कण्हायला हाच शब्द त्याच्या मनात आधी आला, आणि तो आल्याबद्दल त्याला स्वतःचाच राग आला. आवाजांना नेमकी नावं देणं ही त्याची नोकरी होती. नगरपालिकेच्या ध्वनिमापन विभागात तो तक्रारींची तपासणी करायचा. लोकांच्या घरी जायचा, खोलीच्या मधोमध तिपाईवर मीटर लावायचा, घरच्यांना बाहेर थांबायला सांगायचा आणि स्वतः भिंतीला पाठ टेकून श्वास आवरून उभा राहायचा. लोक सांगायचे, शेजारची मोटर ओरडते, वरचा पंखा रडतो, भिंतीत कोणीतरी दळत बसलंय. तो लिहायचा : सलग, मंद, यांत्रिक. मग मीटरवरचा आकडा बघून म्हणायचा, मर्यादेत आहे. हे ऐकून लोक त्याच्याकडे असे बघायचे, की जणू तो आवाज त्यानेच खिशातून आणून तिथे सोडला होता. तेव्हा आता हा आवाज : सलग, बारीक, नाकातला. नाकातला असा शब्द विभागाच्या यादीत नव्हता. तो आवाज संगीताच्या मागे होता, संगीत संथ झालं की पुढे यायचा आणि वाद्यं थांबली की एकटा उरायचा. लॅपटॉप मिटून टाकावा म्हणून त्याने धातूच्या झाकणावर तळवा ठेवला, आणि आवाज थांबला. त्याने झाकण मिटलं नाही. हात उचलला. आवाज सुरू झाला. पुन्हा ठेवला. थांबला. तळव्याखाली, अगदी हलका टेकवला तर, बारीक मुंग्या येत होत्या, एखाद्या कातडीखाली काहीतरी सतत थरथरावं तशा. तो हात तसाच ठेवून बसला आणि कितीतरी वेळ आपण हात ठेवून बसलो आहोत हे त्याच्या लक्षात आलं नाही.

सकाळीच ताईचा फोन आला होता. सुट्टीच्या दिवशी ती एरवी “उठलात का राजे?” असं विचारून सुरुवात करायची, आज तिने ते विचारलं नाही.

“मंगळवारी मला अॅडमिट व्हायचंय,” ती म्हणाली. “पोटातली गाठ काढायची आहे. साधी आहे म्हणतात. पण नंतर तीन महिने काही उचलायचं नाही. म्हणजे आईलाही नाही.”

“मग?”

“मग काय मग? आई तुझ्याकडे. नाहीतर त्या नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात एक खाट रिकामी आहे, त्यांनी माझ्यासाठी संध्याकाळपर्यंत धरून ठेवलीय. तू हो म्हण किंवा नाही म्हण. कारणं सांगू नकोस, तुझी कारणं मला तोंडपाठ आहेत.”

“आमची आतली खोली लहान आहे, ताई.”

“हे कारण झालं.”

“बरं, संध्याकाळी सांगतो.”

“सांग.” ती फोन ठेवेल असं वाटलं, पण तिने ठेवला नाही. “एक राहिलं. ती आता आवाज करते. बाबांसारखा.” मग घरातली एखादी बारीकशी सोय दाखवावी तशा सुरात म्हणाली, “हात ठेवला की थांबते.”

त्यानंतर तो आतल्या खोलीत येऊन बसला होता. हीच ती लहान खोली. एका भिंतीला अॅम्प्लिफायर, दोन कोपऱ्यांत दोन उंच स्पीकर, समोर एक खुर्ची. खाट टाकायची तर स्पीकर आधी हलवावे लागतील, हे त्याने न मोजता ओळखलं होतं. दिवसभर इतरांचे आवाज ऐकून आला की तो इथे दार लावून बसायचा आणि फार कमी वाद्यांचं, मध्ये पुष्कळ मोकळी जागा सोडणारं काहीतरी ऐकायचा. बायको या खोलीला त्याचा दवाखाना म्हणायची. “डॉक्टर आहेत का आत?” असं विचारून ती दार ढकलायची.

आता आवाजाची तपासणी करावी असं त्याने ठरवलं, कारण तपासणी त्याला येत होती. त्याने चार्जर काढला. आवाज गेला. म्हणजे गुन्हेगार चार्जरच. जुन्या चार्जरची वायर मानेपाशी तुटली म्हणून गेल्या आठवड्यात त्याने नवा आणला होता, दोन पिनांचा, हलका, हातात घेतल्यावर आत काही आहे की नाही अशी शंका यावी असा. त्याने तो दुसऱ्या सॉकेटमध्ये लावला, मग बाहेरच्या खोलीतून एक्सटेन्शन ओढून आणून त्यावर लावला. कण्हणं तेच. अॅम्प्लिफायरचा आवाज पूर्ण कमी केला, तरी तळाशी ते होतंच. लॅपटॉपपासून अॅम्प्लिफायरकडे जाणारी बारीक वायर उपसली, तेव्हा ते गेलं. परत लावली, आलं. प्रत्येक वेळी पुढची वस्तू उचलण्याआधी त्याचा हात आपसूक झाकणावर जायचा आणि खोली शांत करून मगच दुसरा हात कामाला लागायचा. एका हाताने प्लग काढणं, एका हाताने वायरीची गाठ सोडवणं, दातांनी चिकटपट्टी तोडणं. हे त्याला सफाईने जमत होतं, आणि आपल्याला हे कुठून जमतं हे कळल्यावर तो जमिनीवरच बसला.

बाबा आठ-नऊ महिने तसे होते. शाळेत भूमिती शिकवणारा माणूस, फळ्यावर कंपास न घेता वर्तुळ काढायचा आणि ते जिथून सुरू झालं तिथेच येऊन मिळायचं, तो एका सकाळी दाढी करता करता आरशासमोर बसला आणि त्याची उजवी बाजू गेली. भाषाही बरीचशी गेली. उरला तो आवाज. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, “त्यांना दुखत नाहीये. हा नुसता आवाज आहे.” हे वाक्य त्याने पुढे नोकरीत वेगळ्या शब्दांत कितीदा तरी उच्चारलं असेल. पण तो नुसता आवाज त्या घरात भिंतींसारखा होता, त्याच्या आतच सगळ्यांनी जेवायचं, अंघोळ करायची, परीक्षेचा अभ्यास करायचा. मग आईला कळलं, छातीवर हात ठेवला की ते थांबतात. फक्त ठेवायचा, चोळायचा नाही, थोपटायचं नाही. उचलला की पुन्हा सुरू. तेव्हापासून घरात पाळ्या लागल्या. आई, ताई, तो. एक हात बाबांच्या छातीवर आणि उरलेल्या हाताने जगायचं. ताई एका हाताने वाटाणे सोलायला शिकली, शेंग दाताखाली धरून. तो एका हाताने वर्तमानपत्राचं पान उलटायला शिकला. “मुतायला जायचंय, कोणीतरी हात द्या रे,” असं ताई आतून ओरडायची आणि कोणीतरी पळत जाऊन तिचा हात निघण्याआधी आपला तिथे सरकवायचं, म्हणजे मध्ये फट पडणार नाही. त्यावर हसूही यायचं. कॉलेजात कोणी विचारलं, संध्याकाळी काय करतोस, तर तो म्हणायचा, हात ठेवतो. लोकांना वाटायचं तो एखाद्या मुलीबद्दल बोलतोय.

“काय चाललंय? दवाखान्यात वीज गेली का?” बायको दारात उभी होती. ती कपड्यांचे कागदी नमुने कापून द्यायची; शिवणकाम करणाऱ्या तीन दुकानांचं काम तिच्याकडे होतं, आणि बाहेरच्या टेबलावरून सकाळपासून जाड खाकी कागदात कात्री चालल्याचा आवाज येत होता. कात्री अजून तिच्या हातातच होती.

“चार्जरमुळे आवाज येतोय,” तो म्हणाला. “ऐक.” त्याने हात काढला.

ती ऐकत राहिली. “मला तर फ्रिजसारखा वाटतोय.”

“फ्रिज असा नसतो. हा नाकातला आहे.”

“असेल बाबा. नाक-कान-घसा तुझं खातं.” तिने वाकून झाकणावरून बोट फिरवलं आणि चटकन मागे घेतलं. “आई गं, हे चावतंय! आणि तू यावर हात ठेवून बसलायस?”

“ठेवला की थांबतो.”

तिने कात्री मिटली, उघडली, पुन्हा मिटली. “ताईंना काय सांगणारेस?”

“संध्याकाळी सांगतो म्हटलंय.”

“ते मी ऐकलं. काय सांगणारेस ते विचारतेय.” मग तीच म्हणाली, “माझी आडकाठी नाही, हे तुला माहीत आहे. टेबल मी खिडकीशी घेईन. पण मी हो म्हटलं म्हणून तू हो म्हणू नकोस. नंतर भांडताना ते मला ऐकवशील.” दारातून बाहेर जाता जाता ती वळली. “तुला भीती कशाची वाटते? आईंची की त्या आवाजाची?”

“आवाजाची नाही,” तो म्हणाला. हे खरं होतं, आणि ती आणखी काही विचारेल म्हणून तो थांबला, पण बाहेर कागदात पुन्हा कात्री शिरली.

ज्या दुकानातून अॅम्प्लिफायर घेतला होता त्या दुकानदाराला त्याने फोन लावला. दुकानदार सुट्टीच्या दिवशीही दुकानातच असायचा, कारण घरी बायको रेडिओ लावू देत नाही असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. “हात लावल्यावर बंद होतो ना? मुंग्या येतात ना?” त्याने पुढचं न ऐकताच विचारलं. “मग अर्थिंग नाही तुमच्या चार्जरला. दोन पिनांचा घेतलाय ना? वीज जरा जरा झिरपते, तिला जमिनीत जायला वाट नाही, म्हणून ती तुमच्या वायरीतून स्पीकरकडे पळते. तुम्ही हात ठेवला की तुम्हीच वाट. तुमच्यातून जाते ती जमिनीत.” तो हसला. “मोठं काही नाही, घाबरू नका. पण रोज कशाला स्वतःला वायर करून घ्यायचं? तीन पिनांची केबल लावा.”

जुन्या चार्जरची सॉकेटकडची, तीन पिनांची केबल शाबूत होती, माळ्यावरच्या खोक्यात. खुर्चीवर चढून ती काढताना त्याला ताईचे हातमोजे आठवले. ते आठवू नयेत म्हणूनच तो सकाळपासून वायरी उपसत होता हे त्याला माहीत होतं, तरी ते आठवले. पांढुरके, आत पावडर असलेले, बाहेर काढल्यावर बोटं एकमेकांना चिकटलेले. ताई तेव्हा रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. पाळ्यांचा सहावा का सातवा महिना होता. आई भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची, प्रयोगशाळेत ताईच्या हातून रक्ताच्या नमुन्यांची अदलाबदल होता होता राहिली होती, त्याचं कॉलेज जवळजवळ सुटलं होतं. एका दुपारी ताई हातमोजा कोमट पाण्याने भरून, मनगटापाशी घट्ट बांधून घेऊन आली. तिने तो बाबांच्या छातीवर आपल्या हाताशेजारी ठेवला, जरा थांबली, मग आपला हात काढून घेतला. तिघंही ऐकत उभे राहिले. काही ऐकू आलं नाही. बाबांचा श्वास चालू होता, पलीकडच्या घरात कोणीतरी भांडी लावत होतं. आईने त्या हातमोज्याकडे पाहिलं, मग दोन्ही मुलांकडे पाहिलं आणि म्हणाली, “झोपा जा आता.” ते झोपले. त्यात काही वाईट नव्हतं. तेव्हाही त्याला तसं वाटलं नव्हतं आणि पुढे इतक्या वर्षांतही कधी वाटलं नाही. पाणी निवलं की जो जागा असेल तो ते बदलायचा. घरात पुन्हा दोन-दोन हातांनी जेवणं सुरू झाली. ताई हसायला लागली. तिने त्या हातमोज्याला नावही ठेवलं होतं, धाकटा.

केबल खाली आणून त्याने चार्जरला जोडली आणि तीन पिनांच्या सॉकेटमध्ये घातली. मुंग्या गेल्या. झाकण नुसतं गार धातूचं झालं. पण स्पीकर गप्प झाले नाहीत. नाकातला बारीक आवाज गेला होता आणि त्याच्या जागी खालचा, घशातला, जाड आवाज आला होता. त्याने झाकणावर तळवा ठेवला. आवाज चालूच राहिला. दोन्ही तळवे ठेवले. आवाजाला त्यांची दखलच नव्हती. आपल्या हातांकडे बघताना त्याला वाटलं, हे दोन भरलेले, बांधलेले, कोमट पदार्थ कोणीतरी इथे आणून ठेवले आहेत. हे त्याला नवीन नव्हतं. बायकोला ताप आला की तो तिच्या कपाळावर हात ठेवायचा आणि ती डोळे न उघडता म्हणायची, “तुझा हात नुसता ठेवल्यासारखा असतो रे. जरा हलव तरी.” ती ते सहज बोलायची, लग्नापासून बोलत आली होती. तो हलवायचा. हलवतानाही त्याला कळायचं, की आपण हलवतोय ते तिला पटावं म्हणून, आणि हात तिकडे दूर पडलेला आहे.

कारण एका दुपारी, धाकटा घरात आल्यानंतर महिनाभराने असेल, तो कॉलेजातून लवकर आला होता. आई आत झोपली होती, ताई कामावर. बाबांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तो आत शिरणार तेवढ्यात बाबा म्हणाले, “आलास?” जिभेवर जड वस्तू ठेवून बोलावं तसं, पण स्पष्ट. त्याने हो म्हणायला तोंड उघडलं. तेव्हा त्याला दिसलं, की बाबांचा चेहरा दाराकडे नाही. तो खाली छातीकडे वळलेला होता. छातीवर हातमोजा होता, पाचही बोटं किंचित वर उचलल्यासारखी. “बस,” बाबा हातमोज्याला म्हणाले. आणि मग ते बोलत राहिले. शब्द सुटे होते, मधले दुवे पडलेले होते, पण भूमितीच्या मास्तरांचे शब्द असल्यामुळे ते ओळीत होते. तू दमलास. मला कळतं. तू कुणाला सांगत नाहीस. माझंही तसंच. बारा-पंधरा शब्द असतील. शाळेतल्या सगळ्या मुलांशी बोलणारा हा माणूस घरात मुलाशी बोलताना नेहमी घड्याळाकडे बघून बोलायचा. तो दारात उभा राहिला. आत जाऊन “बाबा, मी इकडे आहे” असं म्हणता आलं असतं. पण मग बाबांनी त्याच्याकडे बघितलं असतं, आणि मग त्या छातीवरच्या वस्तूकडे, आणि दोघांत कुणीतरी एक जास्तीचा ठरला असता. त्याचं स्वागत झालं होतं, चौकशी झाली होती, त्याला बस म्हटलं गेलं होतं, आणि तिथे तो नव्हता. तो पाय न वाजवता बाहेर गेला, जिन्यात बसून राहिला, आणि नेहमीच्या वेळेला, नेहमीसारखा दार आपटून घरी आला. बाबा तेव्हा झोपले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. जाताना छातीवर आईचा हात होता असं आई सांगायची. असेलही. त्या दुपारचं त्याने कुणालाही सांगितलं नाही. सांगायला गेलं तर तक्रार कसली आहे हेच लिहिता आलं नसतं.

“काय? आता जाड झाला? मग बरोबर आहे,” दुकानदार फोनवर म्हणाला, जणू त्याने मुद्दामच हे करायला लावलं होतं. “पहिलं दुखणं गेलं, दुसरं आलं. आता तुमच्या लॅपटॉपलाही अर्थिंग, अॅम्प्लिफायरलाही अर्थिंग. जमिनीकडे जायला वाटा दोन झाल्या, आणि दोन्ही तुमच्या त्या बारीक वायरीने एकमेकींना जोडल्या. गोल झाला गोल. त्या गोलात वीज फिरत बसते आणि तुम्हाला ऐकू येते. या इकडे, एक डबी देतो.”

तो चालतच गेला. सुट्टीच्या दुपारचा रस्ता होता, बरीचशी दुकानं बंद, एका बाकावर दोन म्हातारे पत्ते न वाटता नुसतेच हातात धरून बसलेले. दुकानदाराने काउंटरखालून काडेपेटीएवढी एक काळी डबी काढली, दोन्ही बाजूंना वायरीची शेपटं असलेली. “हिच्या आत दोन वेटोळी आहेत. एकमेकांना चिकटलेली नाहीत. वायर इकडून आली, इथे तुटली. पण गाणं पलीकडे जातं.”

“तुटल्यावर कसं जातं?”

“जातं,” दुकानदार म्हणाला. “एकाने थरथरायचं, शेजारचा थरथरतो. मध्ये जागा असली तरी चालतं. उलट असावीच लागते. ती नसली की हा तुमचा घोळ.”

“मग पहिल्याच फोनला ही का नाही दिलीत?”

“पहिल्या फोनला कोणी घेत नाही. लोकांना आधी घरातलंच काहीतरी जोडून बघायचं असतं. काही जण तर पक्कड घेऊन तिसरी पिन मोडून टाकतात. तुम्ही मोडली नाहीत ना?”

“नाही.”

“मोडू नका. आवाज जातो, पण एक दिवस माणूसही जातो.”

परत येताना तो डबी मुठीत धरून चालला होता आणि शुश्रूषागृहातली खाट डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करत होता. तिथे पाळीवर माणसं असतील, शिकलेली, दमदार. ती हात ठेवतील का? की त्यांच्याकडे त्यासाठी आधीच काहीतरी असेल, धुता येण्यासारखं? आणि असेल तर बिघडलं कुठे? आई गप्प होईल. आईला कळणार नाही. ताई म्हणाली होती की ती कधी ताईला मावशी म्हणते, कधी बाई. आपण तिला घरी आणलं, खाटेशी खुर्ची घेऊन बसलो, तिच्यावर हात ठेवला, तर तिथे कोण असेल? तिने छातीकडे बघून कुणाला तरी बस म्हटलं, तर आपण बसायचं की दारात उभं राहायचं? हा प्रश्न कुठल्याही मनुष्याला विचारण्यासारखा नव्हता. जिन्याच्या पायऱ्या चढताना त्याला वाक्य सुचलं : ताई, मी विचार केला, तिथे तिची नीट देखभाल होईल. ते वाक्य चांगलं होतं. मर्यादेत होतं.

डबी जोडायला काहीच लागलं नाही. लॅपटॉपमधून वायर डबीत, डबीतून अॅम्प्लिफायरमध्ये. त्याने बटण दाबलं आणि दोन स्पीकरांमध्ये उभा राहिला, सवयीने भिंतीला पाठ लावून, श्वास आवरून. काही नव्हतं. त्याने आवाजाची मूठ उजवीकडे फिरवली, आणखी फिरवली. एरवी तळाशी जी बारीक वाळू असायची तीही नव्हती. चार्जर लावलेला होता, त्याचा हिरवा दिवा लागलेला होता, झाकण गार होतं आणि त्यावर कुणाचाही हात नव्हता. खिडकीबाहेर दिवे लागायला सुरुवात झाली होती. इतकी शांत झालेली ही खोली त्याने कधी ऐकली नव्हती, आणि आता ताईला फोन करावा, हे वाक्य आहे तोवर बोलून टाकावं, असं त्याला वाटलं.

पण ताईचाच व्हिडिओ कॉल आला. फोन बाहेर टेबलावर होता, तो वाजण्याआधी लॅपटॉप वाजला, आणि मूठ अजून उजवीकडे असल्यामुळे घंटी दोन्ही भिंतींवर आपटली. त्याने घाईने कॉल घेतला. पडद्यावर ताईची हनुवटी आली, आणि स्पीकरांतून तिचा श्वास, खोलीभर. त्याच्या मागे दुसरं काहीतरी होतं. त्याचा तळवा झाकणाच्या कडेवर गेला आणि घट्ट टेकला. ते थांबलं नाही. डबी जागेवर होती, केबल जागेवर होती. सलग नव्हतं ते. श्वासागणिक उठत होतं, शेवटी जरासं वर जाऊन तुटत होतं, पुन्हा उठत होतं. बाबांसारखं मुळीच नव्हतं. ताईचं चुकलं होतं. बाबांचा आवाज एका पातळीवर असायचा, फळ्यावर ओढलेल्या रेघेसारखा. हा आईचा होता. लहानपणी जड बादली उचलताना ती असाच आवाज करायची, आणि कुणी मदतीला धावलं तर म्हणायची, सरक, मी उचललीय.

“काय ठरलं?” ताई म्हणाली.

“आईजवळ ने मला.”

“आधी सांग. त्या लोकांचा दोनदा फोन येऊन गेला.”

“ताई, ने.”

पडदा हलला. छत, पडद्याचा कोपरा, पाण्याची बाटली, मग आईचा चेहरा, एका बाजूने, अगदी जवळून. डोळे मिटलेले. आवाज आता इतका मोठा झाला की स्पीकरवर ठेवलेला पेन सरकला. बाहेर कात्री थांबली. मग पडद्यात खालून ताईचा हात आला, नखं कापलेला, ओला, मनगटावर घड्याळ, आणि आईच्या छातीवर टेकला. आवाज गेला. त्या शांततेत तिकडची खोली ऐकू यायला लागली. कुठेतरी नळ ठिबकत होता. ताईला धाप लागली होती, हे त्याला पहिल्यांदा कळलं.

“गार आहे,” आई म्हणाली.

“भांडी घासून आलेय, गारच असणार,” ताई म्हणाली. “उबदार हवा असेल तर दुसरीकडे चौकशी करा.”

आईने डोळे उघडले नाहीत. तिचा स्वतःचा हात चादरीखालून हळूहळू वर आला, चाचपडत ताईच्या हातावर पडला आणि त्या ओल्या बोटांवर पुढे मागे फिरायला लागला. पुसत होती ती. एक एक बोट धरून, नखापर्यंत, लहान मुलाचे हात जेवणानंतर पुसावेत तशी. ताई फोनकडे बघत होती. तिला त्याचं काही वाटत नव्हतं, ती हे रोज बघत असावी. “बघितलंस ना,” ती म्हणाली. “आता मी काढते हात. मला तो फोन करायचाय. हो की नाही तेवढं बोल.”

“काढू नकोस,” तो इतक्या मोठ्याने म्हणाला की ताईने फोन कानापासून दूर धरावा तसा चेहरा केला.

“अरे, मग काय अशीच बसू?”

“बस. मी निघतोय. मी येईपर्यंत काढू नकोस.”

“तीन तास लागतात तुला यायला. मी काय खांब आहे?” पण तिने हात काढला नाही. तिचा ओठ जरासा वाकडा झाला आणि तिने तो सरळ केला. “न्यायला येतोयस की बघायला?”

“न्यायला.”

“मोठी चादर आण. आणि कारण सांगू नकोस.”

बायको दारात उभी होती. तिने कात्री ठेवून दिली होती आणि हातात गाडीची किल्ली होती. “मी चालवते,” ती म्हणाली. “तू चालवलीस तर अर्ध्या वाटेत एखादं वाक्य सुचेल तुला, आणि गाडी परत फिरवशील.”

त्याने कपाटातून चादर काढली. चपला घातल्या, मग परत जाऊन चार्जरची पिन काढली, मग कॉल मध्येच तुटेल म्हणून ती पुन्हा लावली. कॉल त्याने बंद केला नाही. आईचा हात अजून ताईच्या अंगठ्याशी होता. जिना उतरायला लागल्यावर, उघड्या राहिलेल्या दारातून, दोन्ही स्पीकरांतून, ताईचा आवाज स्वच्छ खाली येत होता. “येतोय तो,” ती आईला सांगत होती. “हो गं. तोच. तोवर मी आहे इथे.”